पंधरा चिंचोके

१

योगिनी हरली हे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी अडीच वाजता कळलं.

मांडवीच्या आमच्या चर्चमध्ये टेबलावर तीन डबे होते. मांडवीचा, कोंडवाडीचा आणि हातखंब्याचा. मांडवीने हो म्हटलं होतं, कोंडवाडीनेही हो म्हटलं होतं. हातखंब्याच्या डब्यातून आठ काजूबिया निघाल्या आणि पंधरा चिंचोके.

"आप्पा, परत मोजा," पाळक संदेश म्हणाले.

मी परत मोजले. पंधराच होते. एका काजूबीवर काळा डाग होता, अंगठ्याएवढा. ती मी बाजूला ठेवली, परत ओळीत घेतली. मोजणीत काही फरक पडला नाही.

बाहेरच्या माणसाला आमची रीत सांगितली पाहिजे. आमच्या तीन मेथॉडिस्ट मंडळ्या लहान आहेत. एकेकटीला पाळक परवडत नाही, म्हणून तिघी मिळून एक ठेवतात. दर दोन वर्षांनी तिघी मिळून आपल्यातलं एक माणूस पाळकीच्या शिक्षणाला पाठवतात. त्यासाठी घरोघरी भात शिजवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात. महिन्याचे साठले की मांडवीला आणतात आणि विकतात. खर्च तिघींचा, म्हणून होकारही तिघींचा लागतो. एकीने नाही म्हटलं की विषय संपला. यंदा नाव योगिनीचं होतं.

ही मूठ माझ्या बायकोने, हौसाने सुरू केली. मत द्यायची रीतही तिचीच. कोंडवाडीच्या निम्म्या बायांना लिहिता येत नाही, आणि हात वर करायचा तर शेजारीण बघते. म्हणून प्रत्येकाला एक काजूबी आणि एक चिंचोका द्यायचा. पडद्याआड जायचं. काजूबी म्हणजे हो, चिंचोका म्हणजे नाही. एक डब्यात टाकायची, उरलेली पिशवीत. गावातून येताना डबा एकाच्या हाती आणि पिशवी दुसऱ्याच्या हाती. दोन्ही एका हातात द्यायची नाहीत, असं हौसाने लिहून ठेवलं होतं.

हौसा जाऊन चौदा महिने झाले. योगिनीला बायबलमधलं वचन वाचायला, उभं राहून बोलायला तिनेच शिकवलं. योगिनी चोवीस वर्षांची आहे, हातखंब्याला बालवाडी चालवते. आईबाप लहानपणी गेले. आजीची बहीण येसूबाई, तिने वाढवली.

निकाल ऐकून योगिनी चहाचे कप गोळा करायला लागली.

"राहू दे गो," येसूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "देवाच्या मनात नाय."

येसूबाईच्या निळ्या लुगड्याच्या पदरावर पांढरे डाग होते. म्हातारी पान खाते, चुना सांडला असेल असं मला वाटलं.

"पुढच्या रविवारी सुपरिंटेंडेंट साहेब येतायत," संदेश हळू आवाजात मला म्हणाले. "त्यांना कागद द्यायचा. हातखंब्याचा नकार लिहिला की ही शिक्षणाची जागा दुसऱ्या जिल्ह्याला जाते. आणि आप्पा, तिचीच मंडळी नाही म्हणते म्हटल्यावर पुढे तिला कोण उभं करणार?"

मी घरी आलो, पण बसवेना. उठून समुद्रावर गेलो. तिथेही थांबवेना.

२

तीस वर्षं मी एसटीत तिकीट तपासनीस होतो, तपासल्याशिवाय राहवत नाही. सोमवारी सकाळी हातखंब्याला उतरलो.

नाक्यावर दादूचं टायरचं दुकान आहे. दादू हातखंबा मंडळीचा कारभारी. रविवारी डबा त्यानेच आणला होता.

"सलाम, आप्पा. पंक्चर माणसाचं नाय काढत आम्ही," दादू म्हणाला.

"मी पंक्चर दिसतो का?"

"चौदा महिने दिसताय. बसा."

मी बसलो नाही. सरळ विचारलं, "तू काय टाकलंस?"

"चिंचोका. लपवतो कशाला? चर्चचे पत्रे गळतायत. पावसात माणसं छत्री धरून प्रार्थना करतात. आधी पत्रे, मग शिक्षण. योगिनीच्या तोंडावर सांगितलं मी."

"नक्की चिंचोका?"

"आता शपथ घालणार काय?"

त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. तांब्यावर त्याचा अंगठा उमटला, काळा. तो काळा रंग साबणाने जात नाही. रविवारी चर्चला येण्याआधीही त्याने दोन टायर बसवले होते, हे त्याने आपणहून सांगितलं.

मला डब्यातली ती काजूबी आठवली. हातखंब्याला टायरचं दुकान एकच, आणि आमच्या मंडळीत असे हात एकाचेच. मग दादूने चिंचोका टाकला असेल तर त्याच्या अंगठ्याची काजूबी डब्यात कशी?

मनात आलं, दादूने गुपचूप हो टाकलं असेल आणि तोंडाने नाही म्हणत असेल. पण असं कोण करतो? नकार देऊन होकार सांगणारे पुष्कळ बघितले. उलटा माणूस बघितला नाही.

मग मी घरोघर गेलो. मत गुप्त असतं, मी कोणाला विचारलं नाही. लोकच बोलले. "आम्ही हो टाकलं हो आप्पा, आम्ही नाय तसले." संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी हे सांगितलं. डब्यात हो होते आठ.

तिकीट नसलेला माणूसही तिकीट काढलंय असंच सांगतो. चौदा म्हणाले म्हणून चौदा धरता येत नाहीत. पण सहा माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलली असतील, तर त्यांतल्या एकाचे तरी डोळे खाली जायला हवे होते.

गेले नाहीत.

३

मंगळवारी पाळक संदेशांकडे गेलो. ते मोटरसायकलची साखळी साफ करत होते. पस्तिशीचा माणूस, पण तीन गावांच्या फेऱ्यांनी पन्नाशीचा दिसतो.

"पाळकसाहेब, योगिनी शिकून आली तर तुमची बदली होईल ना?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "हे तुम्ही विचारताय, की लोक?"

"मी विचारतोय."

"होईल. आणि मी त्या दिवसाची वाट बघतोय. एका रविवारी तीन उपासना, आप्पा. तिसऱ्या गावी पोचेपर्यंत पहिल्या गावात काय बोललो ते आठवत नाही. मागच्या महिन्यात कोंडवाडीला एकाच बाळाचं नाव दोनदा विचारलं. मला माणूस पाहिजे. योगिनीसारखं तर पाहिजेच."

त्यांच्यावर संशय घ्यायला जागाही नव्हती. रविवारी ते कोंडवाडीला होते. हातखंब्याचा डबा आणि पिशवी माझ्यासमोर टेबलावर आली, तेव्हा ते बाहेर मोटरसायकल उभी करत होते. तिथून मोजेपर्यंत मी टेबलाजवळून हललो नव्हतो.

"पिशव्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"कपाटात. साहेबांची सही होईपर्यंत ठेवायच्या असं हौसाबाईंनीच लिहिलंय. उघडून कोणी बघत नाही."

"मी बघतो."

कपाटातून हातखंब्याची पिशवी काढली. नव्या मांजरपाटाची, योगिनीने बालवाडीत शिवलेली. मी ती टेबलावर ओतली. पंधरा काजूबिया आणि आठ चिंचोके.

"बरोबर आहे," संदेश म्हणाले. "डब्यात आठ आणि पंधरा, इथे पंधरा आणि आठ. तेवीस माणसं. एकही बी कमी नाही, जास्त नाही."

हिशेब खरोखरच बरोबर होता. मी बिया परत पिशवीत भरल्या आणि सवयीने हात झटकले.

माझी बोटं पांढरी झाली होती.

४

मी बोटांचा वास घेतला. वास नव्हता. चुना असता तर कळला असता.

"काय झालं?" संदेश म्हणाले. "बसा आधी."

"बोरिक पावडर आहे," मी म्हणालो.

तांदळाला कीड लागू नये म्हणून आमच्याकडे बोरिक पावडर चोळतात. हौसाही चोळायची. हातखंब्याचा मतांचा डबा गंजला होता, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना आमच्या घरचा मुठीचा डबा दिला. त्यात हौसाने टाकलेले तांदूळ होते, ते चर्चमध्ये ओतले. डबा धुतला नाही. धुवायला घेतला होता, दोनदा. झाला नाही. तळाशी पावडर तशीच राहिली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं?

आता सांगावं लागलं.

संदेश ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण डब्यात पावडर होती, तर बियांना लागणारच."

"डब्यातल्या बियांना लागणारच. या पिशवीतल्या आहेत. पिशवी नवी आहे. या बियांना पावडर लागायचं कारण काय?"

त्यांनी पिशवीचा कोपरा चिमटीत धरून बघितला.

"या बिया आधी डब्यात होत्या," मी म्हणालो. "हातखंबा ते मांडवी यांमध्ये कोणीतरी डब्यातल्या पिशवीत केल्या आणि पिशवीतल्या डब्यात. म्हणून हिशेब जुळतो. अदलाबदल केली की तो जुळतोच. आणि म्हणून दादूच्या अंगठ्याची काजूबी डब्यात आली. त्याने ती पिशवीत टाकली होती."

"म्हणजे हातखंब्याने हो म्हटलंय? पंधरा?"

"पंधरा."

संदेश उठून उभे राहिले. "मग दादूनेच केलं. डबा त्याच्याकडे, त्यालाच पत्रे पाहिजेत. आत्ता जातो त्याच्याकडे."

"जाऊ नका. त्याने दोन बियांना हात लावला तर एकीवर डाग पडला. सेहेचाळीस बिया हाताळल्या असत्या तर निम्म्या काळ्या झाल्या असत्या."

"मग उरलं कोण?"

मला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून काढवेना. पिशवी हातखंब्यापासून टेबलापर्यंत येसूबाईच्या हातात होती.

५

पण येसूबाईकडे डबा कसा गेला? ते कळल्याशिवाय म्हातारीचं नाव घेणं बरं नव्हतं. बुधवारी मी परत दादूसमोर उभा राहिलो.

"आता काय राहिलं, आप्पा?"

"एक सांग. मत देताना बिया वाटल्या, त्या डब्यातून काढून वाटल्या काय?"

"नाय. परातीतून. योगिनीनेच परात धरली होती. डबा पडद्याआड."

म्हणजे वाटतानाही पावडर लागली नव्हती.

"डबा मांडवीपर्यंत तुझ्याकडेच होता?"

"माझ्याकडेच. सुतळी बांधली, काखोटीला मारला, गाडीत चढलो."

"कुठली गाडी?"

"पालीवरून येते ती, सव्वा वाजताची."

त्या गाडीत मी किती वर्षं चढलो, मला माहीत आहे. रविवारी ती पालीलाच भरते. हातखंब्याला कोणाला बसायला मिळत नाही.

"तुला सीट मिळाली?"

"कसली मिळते! दारात लोंबत आलो. येसूमावशीला एका पोरीने उठून जागा दिली, खिडकीची."

"आणि डबा?"

दादूने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

उभ्या माणसाने आपलं ओझं बसलेल्याच्या मांडीवर द्यायचं, ही आमच्याकडची गोष्ट आहे. ओळख लागत नाही. "जरा धरा," म्हणायचं आणि द्यायचं. कोणी त्याला देणं समजत नाही, म्हणून कोणी ते सांगतही नाही. दादू खोटं बोलला नव्हता. त्याला आठवलंच नव्हतं.

"मावशीच्या मांडीवर," तो म्हणाला. "कारवांचीवाडीपासून. आप्पा, जल्लं माझं डोकं. पण मावशी? ती तर योगिनीची..."

"कोणाशी बोलू नकोस."

६

येसूबाईचं घर नाक्यामागे चढावर आहे. योगिनी बालवाडीत होती. येसूबाई ओट्यावर कोकमं फोडत होती, डोळ्याने नाही, हाताने चाचपून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोण? आप्पा? तुझी चप्पल ओळखली. खाली घासतोस."

मी ओट्यावर बसलो. निळं लुगडं दोरीवर वाळत होतं.

"ताय, त्या लुगड्यावरचे डाग गेले काय?"

तिचे हात थांबले. "कसले डाग?"

"पदरावर बिया ओतल्या होत्यास त्याचे. डब्यात बोरिक होतं. तुला दिसलं नाही."

कोकमाचा लाल रस तिच्या मनगटावरून खाली जात होता.

"हौसाचा डबा होता काय तो?" तिने विचारलं.

"होय."

"तरीच. हात लावला तेव्हा वाटलं. झाकण तसंच, एका बाजूला चेपलेलं." तिने हात पदराला पुसले. "मी काजूबीच टाकली, आप्पा. खोटं नाय सांगत. हौसा आजारी असताना तिने माझा हात धरून वचन घेतलं होतं, पोरीला अडवू नको. नाय अडवली. काजूबी टाकली आणि गाडीत बसले. मग त्या मेल्याने डबा मांडीवर दिला. पिशवी माझ्याकडेच. सुतळी सैल होती. आत हात घातला, सगळ्या मोठ्या बिया लागल्या. काजू, काजू, काजू. आनंद व्हायला पाहिजे होता."

"आणि?"

"एक विचारू? तू घरात शिरतोस तेव्हा पहिलं काय करतोस?"

"पंखा लावतो."

"थंडीत?"

"थंडीतही."

"कशाला?"

"आवाज पाहिजे म्हणून," मी म्हणालो.

"मग मला कशाला विचारतोस, आणि काय?"

तपासनीस होतो तेव्हा पावती फाडली की काम संपायचं. इथे पावती कोणाच्या नावाने फाडायची? मी गप्प बसलो तर योगिनीचं शिक्षण जातं, म्हातारी वाचते. बोललो तर उलटं. आणि तो पंखा मलाच कळत होता, पाळकांना नाही, साहेबांना तर नाहीच.

"ताय, तिला कळलं तर ती चिडेल," मी म्हणालो. "पण ते कधीतरी उतरेल. तिची मंडळी तिला नको म्हणाली असं ती समजून बसली तर ते उतरणार नाही. काल तिने बालवाडीचा फळा पुसला आणि परत काही लिहिलंच नाही, असं तिची मदतनीस सांगत होती."

येसूबाईने मान खाली घातली.

"रविवारपर्यंत मी बोलणार नाही," मी उठत म्हणालो. "रविवारी बोलणार. त्याच्या आधी तू बोललीस तर बरं."

"आणि नाय बोलले तर?"

"तर मी बोलेन. मला बरं वाटणार नाही."

७

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी नुसता चालत होतो. मांडवीवरून जेटीपर्यंत आणि परत. खानावळीचा डबा दोनदा तसाच परत पाठवला.

रविवारी सुपरिंटेंडेंट साहेब आले. तिन्ही मंडळ्या मांडवीला जमल्या. संदेशांनी कागद काढला. मी उभा राहायला गुडघ्यावर हात ठेवला तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

येसूबाई बाकांना धरत पुढे आली. टेबल कुठे आहे ते तिने चाचपून बघितलं.

"साहेब, बिया मी बदलल्या," ती म्हणाली. "हातखंबा हो बोलला होता. मी नाय केलं. मला एकटं राहायचं भ्या वाटलं."

एवढंच बोलली. चर्चमध्ये एक खुर्ची सरकली. योगिनी उठली आणि बाहेर निघून गेली. संदेश तिच्यामागे जायला निघाले, मी त्यांचा हात धरला.

साहेब शहाणा माणूस. त्यांनी येसूबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकलं, पिशवी बघितली, आणि म्हणाले, "मागचं मत धरता येणार नाही, कोणाचंही. हातखंबा आज परत मत देईल. इथेच."

डबा मी आणि पिशवी साहेबांनी धरली. योगिनीला आत बोलावून आणावं लागलं. तीही पडद्याआड गेली. येसूबाईला कोणी हात धरून नेलं नाही, ती एकटी गेली.

सोळा काजूबिया, सात चिंचोके. एका काजूबीवर काळा अंगठा होता. मी दादूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"पत्रे मांडवीचेही गळतात वाटतं," तो म्हणाला.

जाताना योगिनी येसूबाईशी बोलली नाही. गाडीत तिला जागा मिळवून दिली आणि स्वतः लांब उभी राहिली. मंगळवारी बोलली म्हणे. पहिलं वाक्य होतं, "मग डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं?"

मूठ एकाला शिकवायला म्हणून काढतो. तो गेल्यावर मागे राहतो त्याचं काय, हे आमच्यापैकी कोणी हिशेबात धरलं नव्हतं. हौसानेही नाही. त्या सभेतच ते ठरलं. योगिनी दहा जूनला जाणार. तेव्हापासून येसूबाईचं जेवण आणि दुपारची सोबत तिन्ही मंडळ्यांनी वाटून घ्यायची. हातखंब्याने चार दिवस घेतले, कोंडवाडीने एक, मांडवीने दोन. मांडवीतला शुक्रवार माझा.

दादू म्हणाला, "आप्पा, तुम्ही काय खानावळीचं नेणार?"

"नाही, करीन," मी म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. मला भात येत नाही.

डबा साहेबांच्या सहीनंतर परत मिळाला. फळीवर जिथे असायचा तिथे ठेवला आहे. काल तांदूळही आणले, पाच किलो. पहिला शुक्रवार यायला आठ दिवस आहेत. चूल मी अजून पेटवलेली नाही, आणि हौसा गेल्यापासून आमच्या घरची मूठ डब्यात पडायची आहे.